चौदा दिवस आणि पाच वर्षे

"नीट वाग, नाहीतर रिमांड होममध्ये टाकीन!" हे वाक्य ज्या घरात कधीच ऐकू आले नाही, असे घर आपल्याकडे विरळा. बोलणाऱ्या बापाच्या मनात तसे काही नसते. ऐकणाऱ्या पोरालाही ते पक्के ठाऊक असते. तरीपण बेसनाच्या लाडवांच्या डब्याकडे गेलेला हात तेवढ्यापुरता मागे येतो आणि संसार पुढे चालू राहतो. शिक्षक या नात्याने ही धमकी मीही वर्गात अनेकदा दिली आहे. एकदा मात्र ती खरी झाली, आणि ती खरी करण्यात माझा हात होता. हात होता असे म्हणतो ते अगदी शब्दशः.

वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी नोकरीत नवाच होतो. आमच्या शाळेच्या पाण्याच्या टाकीचे चार पितळी नळ एका रात्री नाहीसे झाले. दोन दिवसांनी ते एका भंगारवाल्याकडे सापडले, आणि विकणारा आमच्याच सातवीच्या वर्गातला निघाला. वय वर्षे तेरा. बाप घर सोडून गेलेला, आई चार घरची धुणीभांडी करणारी. मुख्याध्यापक संतापले. त्यांचा संताप अगदीच गैर होता असे म्हणवत नाही, कारण चार दिवस शाळेतल्या मुलांना प्यायला पाणी नव्हते. पोलीस ठाण्याला द्यावयाचा अर्ज लिहिण्याचे काम माझ्याकडे आले, कारण शाळेत माझे अक्षर बरे. मी तो लिहिला. डावीकडे समास सोडला, ऱ्हस्वदीर्घ तपासले, आणि शेवटी "योग्य ती कारवाई व्हावी ही विनंती" असे लिहून खाली रेघ ओढली. मुलगा काही आठवडे निरीक्षणगृहात राहिला. शाळेत तो परत आला नाही. हजेरीपटावर काही दिवस त्याच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा पडत गेल्या आणि मग एके दिवशी नावावरच तांबडी रेघ आली.

दिवाळीच्या अंकात हा अभद्र विषय कशाला, असे वाचक म्हणतील. त्यांची क्षमा मागतो. परंतु विषय मी शोधीत गेलो नाही, तोच मला येऊन भेटला, आणि भेटला तोही मुंबईच्या गोदीत. दोन-तीन वर्षांमागे एका कादंबरीसाठी मी वाडियांच्या जहाजबांधणीची माहिती जमवीत होतो. 1815 साली जमशेटजी बमनजी वाडिया यांनी मुंबईच्या गोदीत 'वेलस्ली' नावाची चौऱ्याहत्तर तोफांची युद्धनौका बांधून पाण्यात सोडली. सगळी सागवानी. इंग्रजांच्या आरमारात ओकच्या लाकडाची जहाजे कुजून मोडीत निघत, पण मुंबईचे सागवान टिकत असे. 1839 साली हिच्याच तोफांपुढे कराची पडली, पुढे चीनवरच्या अफूच्या युद्धातही ती होती. आमच्या माणसांनी केवढे जहाज बांधले, म्हणून माझी छाती फुगली, आणि पुढे तिचे काय झाले ते पाहू लागलो. 1868 साली तिला लंडनच्या खाली थेम्स नदीत पर्फ्लीट येथे नेऊन नांगरून टाकले, तिचे नाव बदलून 'कॉर्नवॉल' ठेवले, आणि तिच्यावर ठेवली कोण माणसे? तर लंडनच्या रस्त्यांवर चोऱ्यामाऱ्या करताना पकडलेली पोरे! जिच्या पोटात तोफा होत्या, तिच्या पोटात आता बारा-चौदा वर्षांची गुन्हेगार मुले झोपू लागली. जहाजाचे ते रूपांतर वाचले आणि कादंबरी बाजूला राहिली. मला ते चार पितळी नळ आठवले.

ती मुले तिथे कशी आली, याची हकिगत व्हिक्टोरिया राणीच्या काळातील सर्वांत सद्‌हेतूच्या, आणि म्हणूनच सर्वांत विचार करायला लावणाऱ्या एका खटाटोपाची हकिगत आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडच्या कायद्याला मूल ही वस्तू फारशी ठाऊक नव्हती. सात वर्षांखालचे पोर गुन्हा करू शकत नाही, एवढे कायदा मानी. सात ते चौदा या वयात मुलाला बरेवाईट कळत नाही असे गृहीत धरीत, पण कळत होते असे सरकारपक्षाने दाखवून दिले की संपले. चौदाच्या पुढे तो मोठा माणूस. 1831 साली केंट परगण्यात मेडस्टन येथे जॉन बेल नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला तेरा वर्षांच्या दुसऱ्या मुलाच्या खुनाबद्दल जाहीर फाशी देण्यात आली. फाशी ही अर्थात टोकाची गोष्ट. रोजची गोष्ट म्हणजे तुरुंग. हातरुमाल, पावाचा तुकडा, कोळशाची टोपली, असल्या चोरीसाठी दहा वर्षांचे पोर मुरलेल्या दरोडेखोरांच्या शेजारी कोंडले जाई आणि तिथल्या विद्यापीठातून पदवी घेऊन बाहेर पडे. डिकन्सच्या 'ऑलिव्हर ट्विस्ट'मध्ये खिसेकापूंची जी शाळा आहे, ती 1837 साली क्रमशः छापली जाऊ लागली तेव्हा लंडनकरांना अतिशयोक्ती वाटली नसावी.

या मुलांचे करायचे काय? पहिला उपाय साम्राज्याला शोभेल असाच निघाला: त्यांना समुद्रापलीकडे धाडा. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला, ज्या बेटाला आज टास्मानिया म्हणतात, तिथे पॉइंट प्यूअर नावाच्या ओसाड भूशिरावर 1834 पासून केवळ मुलग्यांसाठी बंदिवास उघडला गेला आणि 1849 पर्यंत तो चालला. दुसरा उपाय घरचा. 1838 साली वाइट बेटावर पार्कहर्स्ट येथे मुलांसाठी स्वतंत्र तुरुंग निघाला. तिथे धंदा शिकवायचा, धर्म शिकवायचा आणि मग मुलाला वसाहतीत पाठवून द्यायचे, असा बेत. पण सुरुवातीच्या वर्षांत तिथल्या मुलांच्या पायांत बेड्या असत आणि पहिले काही महिने प्रत्येकाला एकटे कोठडीत ठेवीत. धंदा शिकलेली अशी काही मुले 1842 साली न्यूझीलंडात ऑकलंडला उतरवली गेली. तिथल्या वसाहतवाल्यांना हा नजराणा मुळीच रुचला नाही.

आणि साध्या तुरुंगात काय चालत असे, ते बर्मिंगहॅमच्या एका मुलाने जगाला दाखवले. त्याचे नाव एडवर्ड अँड्र्यूज, वय पंधरा. चार पौंड गोमांस चोरल्याबद्दल 1853 च्या मार्चमध्ये त्याला तीन महिन्यांची शिक्षा झाली. त्या तुरुंगात एक हातरहाट होता. भिंतीतल्या पेटीला लावलेली जड दांडी फिरवायची. त्यातून ना पीठ निघे ना पाणी. फेरे मोजण्यासाठी तेवढे एक घड्याळ लावलेले. न्याहारीपूर्वी दोन हजार फेरे, न्याहारी ते दुपारचे जेवण चार हजार, तिथून रात्रीच्या जेवणापर्यंत आणखी चार हजार. दिवसाला दहा हजार फेरे पुरे झाले नाहीत तर नुसती भाकरी आणि पाणी. एडवर्डचे फेरे पुरे होत नसत. मग त्याला हात आवळणारा कातडी-कापडी अंगरखा घालून भिंतीशी ताठ बांधून ठेवीत. एप्रिल संपता संपता त्याने कोठडीत गळफास लावून घेतला. चौकशी झाली, राजाज्ञेने आयोग बसला, तुरुंगाच्या अधिकाऱ्याला स्वतःला शिक्षा झाली. तीन वर्षांनी या प्रकरणावरून एक कादंबरीही निघाली आणि खपली. आम्हा कादंबरीकारांची जात अशीच!

याच वेळी ब्रिस्टल शहरात एक अविवाहित बाई या मुलांसाठी देशभर पत्रे लिहीत होत्या. त्यांचे नाव मेरी कार्पेंटर. जन्म 1807 चा. वडील धर्मोपदेशक आणि शाळा चालवणारे, त्यामुळे शिकवणे त्यांच्या अंगवळणीच पडलेले. आपल्या वाचकांना त्यांच्याविषयी आपुलकी वाटावी असे एक कारण आहे. 1833 साली राजा राममोहन राय ब्रिस्टलला आले, ते याच कुटुंबाच्या मित्रमंडळींत उतरले, आणि त्याच वर्षी सप्टेंबरच्या 27 तारखेला तिथेच वारले. तरुण मेरीने त्यांना पाहिले, ऐकले आणि हिंदुस्थान हे नाव मनात कायमचे ठेवून दिले. ते नाव तेहतीस वर्षांनी कसे वर आले, ते पुढे सांगतो.

1846 साली मेरीबाईंनी ब्रिस्टलच्या लुइन्स मीड या दाट, गलिच्छ वस्तीत फाटक्या मुलांची शाळा काढली. फाटकी हे विशेषण माझे नव्हे. त्या जातीच्या शाळांना तिकडे तेच नाव होते. वर्गात येणारी मुले अधूनमधून नाहीशी होत आणि विचारल्यावर कळे की तुरुंगात आहेत. सुटून आली की ती पहिल्यापेक्षा निबर झालेली असत. माझ्या हजेरीपटावरची तांबडी रेघ त्यांनाही भेटली होती, असे मला वाटते. फरक एवढाच, की मी वही मिटली आणि त्यांनी उघडली. 1851 साली त्यांनी सुधारशाळांवर पुस्तक लिहिले आणि त्यात मांडले ते थोडक्यात असे: गुन्हा केलेले मूल हे प्रथम मूल आहे, गुन्हेगार मागाहून. लहान वयात ज्याला पोटासाठी मोठ्या माणसासारखे जगावे लागले, त्याला त्याचे मूलपण परत दिले पाहिजे. ते दगडी भिंतींनी मिळत नाही, घरासारख्या ठिकाणी आणि मायेने मिळते. त्याच वर्षी डिसेंबरात बर्मिंगहॅमला या विषयावर परिषद भरली. तिथले न्यायाधीश मॅथ्यू डेव्हनपोर्ट हिल हे या चळवळीचे मोठे आधार होते. पुढच्या वर्षी पार्लमेंटच्या समितीपुढे मेरीबाईंनी साक्ष दिली आणि पार्कहर्स्टच्या पद्धतीवर सडकून टीका केली.

नमुने डोळ्यांपुढे होते. हाम्बुर्गजवळ विखेर्न नावाच्या धर्मसेवकाने 1833 साली मुलांची लहान लहान कुटुंबे करून एक वसाहत काढली होती. फ्रान्समध्ये तूर शहराजवळ मेत्रे येथे देमेत्झ नावाच्या न्यायाधीशाने शेतीवर मुलांची वसाहत उभारली होती. लंडनच्या एका जुन्या संस्थेने 1849 साली आपली मुले शहरातून उचलून रेडहिलच्या शेतावर नेली होती. मेरीबाईंनी 1852 साली ब्रिस्टलजवळ किंग्जवुडला जॉन वेस्लीच्या जुन्या शाळेची इमारत मिळवून स्वतःची सुधारशाळा उघडली. मुलगे-मुली एकत्र ठेवून निभाव लागेना, तेव्हा 1854 साली मुलींसाठी ब्रिस्टलमध्ये 'रेड लॉज' नावाचा एलिझाबेथ राणीच्या काळातला वाडा घेतला. त्याचे पैसे दिले कवी बायरनच्या विधवा पत्नीने. त्या देशातील मुलींची ही पहिली सुधारशाळा. कोरीव लाकडी भिंतींच्या त्या दिवाणखान्यात खिसे कापणाऱ्या, कपडे पळवणाऱ्या मुली धडे गिरवू लागल्या आणि मागच्या बाजूला लोकांचे कपडे धुऊ लागल्या.

1854 सालीच कायदा झाला. सोळा वर्षांखालच्या अपराधी मुलाला न्यायाधीश सुधारशाळेत धाडू शकेल, मुदत दोन वर्षांहून कमी नाही आणि पाचांहून जास्त नाही. शाळा खाजगी मंडळींनी चालवायच्या, सरकारने तपासून मान्यता द्यायची आणि खर्चाला मदत करायची. आईबापांची ऐपत असेल तर त्यांच्याकडून आठवड्याला पाच शिलिंगांपर्यंत वसूल करायचे. पोर तुरुंगात पाठवून बापाची सुटका होऊ नये, हा हेतू.

परंतु कायद्यात एक खोच राहिली. सुधारशाळेत जाण्यापूर्वी मुलाने निदान चौदा दिवस तुरुंगात काढलेच पाहिजेत! गुन्ह्याला शिक्षा झाली हे जगाला दिसले पाहिजे, नाहीतर गरीब आईबाप मुद्दाम मुलांना चोऱ्या करायला लावून फुकटच्या शाळेत घालतील, असे त्या बाजूचे म्हणणे. यात चळवळीतलीच काही भली माणसे होती. मेरीबाईंनी या कलमाला जन्मभर विरोध केला. आधी मुलाला गुन्हेगार म्हणून डाग द्यायचा आणि मग त्याला म्हणायचे की तू गुन्हेगार नाहीस, यात कसली माया, असा त्यांचा प्रश्न होता. 1866 साली चौदाचे दहा दिवस झाले. तुरुंगाची सक्ती 1893 साली सैल झाली आणि 1899 साली ती रीत पूर्ण बंद झाली. तोवर मेरीबाईंना जाऊन बावीस वर्षे उलटली होती.

चौदा दिवस आणि पाच वर्षे: या दोन आकड्यांमध्ये त्या काळचे सारे मन सापडते. चौदा दिवस ही शिक्षा होती, तिच्याविषयी कोणाला शंका नव्हती. पाच वर्षे ही शिक्षा नव्हती, ती दया होती. पण वाचकहो, त्या मुलाच्या जागी बसून हिशेब करून पाहा. एखाद्या मोठ्या माणसाने बूट चोरले तर तो महिन्या-दोन महिन्यांत सुटे. बारा वर्षांच्या मुलाने चोरले तर तो सतराव्या वर्षी सुटे, कारण त्याच्यावर दया केलेली असे! आई कशी दिसते, हेही त्यातल्या कित्येकांना नीट आठवत नसेल.

शाळेतला दिवस कसा असे? पहाटे उठणे, प्रार्थना, थोडे तास लिहिणे-वाचणे-हिशेब आणि उरलेला दिवस काम. मुलग्यांना शेत, सुतारकाम, शिवणकाम, चांभारकाम. मुलींना धुलाई, इस्त्री, स्वयंपाक. कपडे सर्वांचे सारखे, केस बारीक कापलेले, पळून गेल्यास छडी किंवा कोठडी. मुदत भरत आली की चांगल्या वागणुकीच्या मुलाला परवान्यावर बाहेर मालकाकडे ठेवीत. कोणी सैन्याच्या बँडमध्ये जाई, कोणी जहाजावर, कोणी कॅनडात. मुली बहुतेक मोलकरणी होत. जे अन्न, जे कपडे आणि जी अक्षरओळख या मुलांना तिथे मिळाली, ती घरी मिळाली नसती हे खरेच. पुष्कळ मुले मार्गी लागली, हेही खरे. ज्याने वाईट घर कधी पाहिले नाही त्यानेच या शाळांना सरसकट नावे ठेवावीत.

जहाजांवरची गोष्ट मात्र कठीण होती. लिव्हरपूलला मर्सी नदीत 'अकबर' नावाचे सुधार-जहाज 1855 पासून होते, आणि त्या नावाचे पहिले जहाजही जमशेटजींनीच 1801 साली मुंबईत बांधलेले. मोगल बादशहाचे नाव, मुंबईचे सागवान, आणि आत लिव्हरपूलची अनवाणी पोरे! खलाशी तयार करायचे म्हणून मुलांना भर हिवाळ्यात डेक घासायला लावीत. 1884 साली कॅथलिक मुलांचे 'क्लॅरेन्स' जहाज मुलांनीच पेटवून दिले. त्याच्या जागी दुसरे आणले, तेही 1899 साली जळाले. 1887 साली 'अकबर'वर बंड झाले, आणि काही मुले कोठार फोडून होडीतून पळाली. आमच्या 'वेलस्ली'वर, म्हणजे नव्या नावाच्या 'कॉर्नवॉल'वर, 1903 साली विषमज्वराची साथ आली. बोअर युद्धात रुग्णांनी वापरलेली जुनी लष्करी घोंगडी स्वस्त मिळाली म्हणून मुलांसाठी विकत घेतली होती, त्यांतून तो ताप आला. दुष्टपणा कोणी केला नाही. काटकसर केली. अनाथांच्या, अपराध्यांच्या संस्थांत वाईट गोष्टी बहुधा अशाच घडतात.

आता मेरीबाईंच्या मनातल्या हिंदुस्थानाकडे येऊ. 1866 साली, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, त्या मुंबईला उतरल्या. राममोहन रायांच्या देशातील मुलींचे शिक्षण पाहावे हा मुख्य हेतू, पण जिथे गेल्या तिथे त्यांनी तुरुंगही पाहिले. दहा वर्षांत त्या चार वेळा इकडे आल्या. मुलींच्या शाळांसाठी शिक्षिका तयार करा आणि मुलांना मोठ्या कैद्यांतून वेगळे काढा, या दोन गोष्टी त्यांनी सरकारच्या मागे लावल्या. सुधारशाळांचा आपल्याकडचा पहिला कायदा 1876 साली झाला आणि पुढच्याच वर्षी, 1877 च्या जूनमध्ये, त्या ब्रिस्टलला झोपेतच गेल्या.

मुंबईची पाटी मात्र तोवर कोरी नव्हती. 1850 सालीच उनाड व निराधार मुलांना कारागिरांकडे उमेदवारीवर ठेवण्याचा कायदा झाला होता, आणि त्याच सुमारास डॉ. जॉर्ज बुइस्ट या पत्रकाराच्या पुढाकाराने मुंबईत उद्योगशाळा निघाली. 1857 साली डेव्हिड ससून या बगदादी ज्यू व्यापाऱ्याच्या औदार्याने तिची सुधारशाळा झाली. माहीमला आजही त्यांच्या नावाची औद्योगिक शाळा आहे. पुण्याजवळ येरवड्यालाही रिफॉर्मेटरी होती, आणि जुन्या पिढीच्या तोंडी 'रिफॉर्मेटरीत घालीन' हीच धमकी होती. 'रिमांड होम' मागाहून आले. मुंबई इलाख्याचा मुलांचा कायदा 1924 सालचा. स्वतंत्र भारतात 1986, 2000 आणि 2015 साली बाल न्यायाचे कायदे झाले. त्यांत शब्द बदलले, न्यायालयाचे मंडळ झाले, आणि संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय, पहिला नव्हे, हे तत्त्व लिहिले गेले. इंग्लंडातही 1908 च्या कायद्याने मुलांची न्यायालये वेगळी झाली आणि चौदाखालच्यांचा तुरुंग बंद झाला. 1933 साली 'सुधारशाळा' हे नावही गेले. एका बाईच्या 1851 सालच्या पुस्तकातली साधी गोष्ट कायद्यांच्या गळी उतरायला इतकी वर्षे लागली.

हे सारे वाचीत असताना मला त्या शाळा चालवणाऱ्या माणसांचा राग येईना. उलट त्यांच्यात मी स्वतःला ओळखीत गेलो. त्यांनी निष्ठुरपणे काही केले नव्हते. नियमाप्रमाणे केले होते, मुलाच्या भल्यासाठी केले होते, सुवाच्य अक्षरात केले होते. आणि मेरीबाईंचे मोठेपण मला निराळ्याच ठिकाणी दिसले. शाळा काढणारे पुष्कळ झाले. गैरहजर मुलगा कुठे गेला याची चौकशी करणारी बाई एक.

मी ती चौकशी केली, पण फार उशिरा. नळांच्या प्रकरणानंतर चार-पाच वर्षांनी बाजारात त्या मुलाची आई भेटली. भाजीची पिशवी खाली ठेवून तिने नमस्कार केला. मी विचारले, "मावशी, पोरगा काय करतो?"

"सुरतेला असतो, गुरुजी. कापडाच्या मिलात. पैसे पाठवतो अधनंमधनं."

"शाळेत परत का नाही पाठवलंत त्याला? मुदत तर थोडकीच होती."

ती जरा थांबली. मग खाली बघत म्हणाली, "मी लई म्हणाले, गुरुजी. पर तिथं सायबानं त्याला अर्ज वाचाया दिला होता. पोरगं म्हणालं, आये, हे अक्षर आपल्या गुरुजींचं हाय. मग न्हाई गेला."

त्या अक्षराची वळणे मीच त्याला फळ्यावर शिकवली होती. त्या दिवसापासून मुलाविरुद्ध लिहायचा कोणताही कागद मी एक रात्र घरी ठेवतो आणि सकाळी त्याच्या घरी जाऊन येतो. बहुतेक वेळा त्यानंतर कागदाची गरज उरत नाही. कधी उरते. मग तो लिहितो, पण मुलाला आधी सांगून.

राहिली ती 'वेलस्ली'. 1940 सालच्या सप्टेंबरात जर्मन विमानांचा एक बॉम्ब तिच्यावर पडला आणि मुंबईचे ते सागवान सव्वाशे वर्षांनी थेम्सच्या गाळात बसले. 1948 साली तिला वर काढून मोडले. तिचे लाकूड तेव्हाही चांगले होते. त्यातले काही, युद्धात पडझड झालेले लंडनचे न्यायमंदिर पुन्हा उभारताना वापरले गेले. ज्या फळ्या त्या पोरांनी हिवाळ्यात गुडघ्यांवर बसून घासल्या, त्यांतल्या काही न्यायाधीशांच्या घरात जाऊन बसल्या. त्यांना बोलता आले असते तर बरे झाले असते.

यंदा लाडवाच्या डब्यात कोणाचा हात सापडलाच, तर धमकी देण्यापूर्वी त्याला आधी एक लाडू द्यावा, ही वाचकांना विनंती. कारवाई मागाहून करता येते.